बेवारस पिशवी आणि करकंबेची जादा गाडी

श्रीसिद्धेश्वर समर्थ. सोलापूर मुक्कामी यष्टीच्या ठाण्यात फलाट मोकळा जाहला, पिशवी हस्तगत जाहली, श्वान तहास राजी जाहले आणि करकंबेस जादा गाडी खरोखरीच सुटली, म्हणोन ही फत्ते त्रिखंडात गाजावी ऐसी आहे. आणि यातील काहीही घडलेले नाही. त्या दिवशी ठाण्यात सर्व सुरळीत होते, प्रवासी आपापल्या गाडीने आपापल्या गावी गेले, अशी सरकारी नोंद असोन तीस सही-शिक्का आहे, आणि सही-शिक्क्यापुढे माणसाच्या डोळ्यांची काय मातबरी. सबब जे घडलेच नाही ते कसकसे घडले, एवढेच येथे लिहिणे आहे. ठाणे कोणते, हे पुसू नये. शहरात ठाणी आहेत, त्यांपैकी एक.

प्रथम भोंग्याची कुळकथा. ठाण्याचे मध्यभागी चौकशीची खिडकी, खिडकीआड कोठडी, कोठडीत पंखा, आणि पंख्याखाली राजमान्य राजश्री यज्ञेश्वरपंत भोंगेनशीन. पंतांचा आवाज गोड, उच्चार शुद्ध, आणि कामगिरी दुहेरी. एक, कोणती गाडी कोणत्या फलाटास लागली ते पुकारणे. दुसरी, दोन गाड्यांमधील फुरसतीत रयतेस सावध करणे की, बेवारस वस्तूस हात लावू नये, त्यात स्फोटक असू शकते. पैकी पहिली पुकार ऐकोन रयत उठोन धावे, आणि दुसरी ऐकोन शेंगाचटणीची पुडी सोडी, कारण आता थोडका वेळ गाडीचे नाव निघत नाही हे तीस पक्के ठाऊक. पंतांस याचा मोठा सल होता. वर्षानुवर्षे सावध सावध म्हणावे आणि एकानेही बाकड्याखाली वाकोन पाहू नये, हे कोणत्या भोंगेनशीनास रुचेल. घरी तर याहून कठीण. दूध उतू चालले म्हणोन पंत ओरडले तरी त्यांच्या पत्नी प्रभाबाई जागच्या हलत नसत, आवाज सरकारी वाटतो म्हणोन.

आता यात रयतेचा कसूर किती, हे धर्मास स्मरोन लिहिले पाहिजे. मागे एकदा तोंडास रुमाल बांधलेले हत्यारबंद अतिरेकी ठाण्यात शिरले, त्यांनी उसाच्या रसवाल्यास ओलीस धरिले, मग काळ्या पोशाखाचे जवान गच्चीवरोन दोरास लोंबकळत उतरले आणि धूर जाहला. आणि धूर विरल्यावर अतिरेकी हे पोलिसांचेच लोक निघाले, सराव होता म्हणाले, आणि रुमाल सोडोन त्याच ओलिसाच्या हातचा रस प्याले. मग एके दिवशी मुलखातील यच्चयावत मोबाईल एकाच घटकेस बोंबलले, भिंतीवरच्या पाली पडल्या, लेकरे दचकली, आणि उघडोन पाहावे तो आत लिहिले होते की, हा चाचणीचा इशारा आहे, याकडे दुर्लक्ष करावे. रयत आज्ञाधारक. दुर्लक्षाचा हुकूम आला, तो मागे घेतल्याचा दुसरा हुकूम आला नाही, सबब रयत आजतागायत दुर्लक्ष करीत आहे.

ऐसे असता एके दिवशी, लग्नसराईचा हंगाम, ऊन डोईवर, ठाण्यात मुंगीस वाट नाही, आणि वरून इशारा उतरला. वरून म्हणजे कोठोन, हे खालच्यांस कधीही कळत नाही. मजकूर की, दक्ष राहावे, संशयित वस्तू आढळल्यास परिसर तात्काळ रिकामा करावा. इशारा प्रथम ठाण्याच्या सुभेदार, म्हणजे आगार व्यवस्थापक, भुवनेश्वरी मॅडम यांच्या फोनी आला, त्यांनी तो अंगठ्याने पुढे पंतांकडे ढकलला, आणि पंतांनी तो मनापासोन खरा मानिला, कारण त्यात चाचणी हा शब्द नव्हता. पंतांनी मजकूर वर सरकवोन पाहिला, खाली सरकवोन पाहिला. नव्हता. तेव्हा पंतांच्या कपाळी घाम आला, आणि मनी थोडकी उमेदही आली, की आज तरी लोक ऐकतील.

त्याच समयी करकंबेच्या फलाटावर, बाकड्याच्या मध्यभागी, एक पिशवी विराजमान होती. खताच्या पोत्याची शिवलेली, तोंड सुतळीने आवळलेले. तिची धनीण दगडाबाई, मौजे वळसंग, वय झालेले, आवाज न झालेला. बाईंच्या नातीचे घर करकंबेस, तेथे पणतवाचे जावळ, आणि पणजी आल्याखेरीज कातरी लावणार नाही ऐसा नातीचा हट्ट. पिशवीत कडक भाकरी, चटणी, आणि पणतवास आहेर म्हणोन वाजणारे बूट, की टाच दाबली असता ते चूं म्हणतात. बाईंनी पिशवी ठेवोन जागा धरिली आणि गाडीचा ठाव घेण्यास चौकशीच्या खिडकीवर गेल्या.

जागा धरणे हा या मुलखाचा कायदा होय, तो सर्व सरकारांहून जुना. पिशवी, टोपी, रुमाल, वर्तमानपत्राचे पान, जे हाती असेल ते ठेवावे आणि निःशंक फिरावे. मागे तेथे कोणी बसत नाही, आणि बसल्यास त्याच्या कुळाची विचारपूस होते.

तो काय जाहले, हवालदार रेवणसिद्ध गस्त घालीत आले, आणि सवयीप्रमाणे त्यांनी बाकड्यावर काठी आपटली, आणि पिशवी चूं म्हणाली. हवालदार थांबले. त्यांनी पुन्हा आपटली. पिशवी पुन्हा चूं म्हणाली. मग हवालदार शत्रूस पाठ न दाखविता, उलट्या पावली, केळीवाल्याच्या गाड्यापर्यंत शिस्तीने मागे हटले, आणि तेथोन त्यांनी मोठ्याने सवाल केला की, पिशवी कोणाची.

पिशवीशेजारी सांगोल्याचे महिपती डाळिंबवाले पाय पसरोन बसले होते. बाजार करोन करोन त्यांचा कशावरही विश्वास उरला नव्हता, डाळिंबसुद्धा ते फोडल्याखेरीज डाळिंब मानीत नसत. ते बोलले, “जागा धरलीया की.”

हवालदार बोलले की, कोणी धरली.

“धरणारानं.”

तो कोठे आहे, ऐसे पुसता महिपतींनी तंबाखू मळता मळता उत्तर केले, “यील की. घाई काय हाय. पिशवी बेवारस न्हाय सायेब, ड्युटीवर हाय.”

हे ऐकोन आसपासचे हसले, आणि हवालदार धावत पंतांच्या कोठडीत गेले आणि त्यांनी वाजत्या पिशवीचे वर्तमान निवेदन केले, आणि मग पंतांनी भोंगा हाती घेतला.

पहिला हल्ला सरकारी भाषेत जाहला, की प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. प्रवाशांनी चटणीच्या पुड्या सोडिल्या. दुसरा हल्ला साध्या भाषेत जाहला, की करकंबेच्या फलाटावर बेवारस पिशवी आढळली आहे, ती वाजत आहे, सर्वांनी फलाट सोडावा. त्यावर महिपती सभोवारच्यांस बोलले, “वाजतीया तर वाजू द्या. फोन बी वाजला हुता, काय झालं मग?” आणि सर्वांनी माना हलविल्या. एक इसम मात्र खरोखरीच घाबरोन उठला, आणि त्याच्या जागेवर तत्काळ दुसरा बसला, तो आभार मानोन.

आणि इकडे खिडकीवर खुद्द पिशवीची धनीण उभी होती. यापरते नवल इतिहासी नाही. दगडाबाईंनी जाळीस तोंड लावोन पुसले, “बाबा, करकंबची गाडी कवा हाय?”

पंत बोलले, “आजी, बाजूला व्हा. बेवारस पिशवी सापडली आहे.”

“आगं बया. कुणीच न्हाय व्हय तिला?”

“कोणी असतं तर बेवारस कशाला म्हणालो असतो?”

बाईंस कणव आली. त्यांनी पदर डोळ्यांस लाविला आणि बोलल्या, “माजं देवाच्या दयेनं बरं हाय. तीन ल्योक हाईत मला. आन करकंबची गाडी?”

वास्तविक बेवारस म्हणजे ज्यास वारस नाही ते. हा शब्द कोणी कचेरीवाल्याने पिशवीस लाविला, त्याने वळसंगच्या बाईस पुसले नव्हते. तीन पुत्र, दोन सुना, नातवंडे, पणतू, इतुका परिवार मागे असता आपली पिशवी बेवारस असेल ही शंका दगडाबाईंच्या स्वप्नीही येणे नाही. पंत शुद्ध बोलले, बाई शुद्ध समजल्या, आणि दोहोंच्या मध्ये पिशवी फलाटावर चूं करीत राहिली.

मग खुद्द भुवनेश्वरी मॅडम रणांगणी उतरल्या. त्यांनी बॉम्बशोधक पथकास फोन केला, पथक निघाले म्हणोन उत्तर आले, आणि मग त्या फलाटावर येवोन ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी फर्मान सोडिले की, हा सराव नाही, सर्वांनी निघावे. त्यावर रयतेतोन जाब आला, “मागल्या सरावाला बी असंच म्हणाला हुता की, सराव न्हाय म्हणून.” मॅडमनी घसा खाकरिला. तोच दुसऱ्याने पुसले की, मॅडम सापडल्याच आहेत तर सांगोल्याची गाडी रोज उशिरा का लागते तेवढे सांगावे. तिसऱ्याने प्रसाधनगृहाच्या तुटक्या कडीचा विषय काढिला. मॅडम चहूकडोन वेढल्या गेल्या आणि हवालदारांनी काठीने वाट करोन त्यांस मोठ्या शिकस्तीने सोडवोन आणिले.

आता प्रसंग निर्वाणीचा. पंतांनी खिडकीतोन पाहिले तो फलाटावर लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, वऱ्हाडी, गाठोडी, आणि त्यांच्या मधोमध पिशवी. इतुकी वर्षे नुसते पाठ केलेले सांगितले तेव्हा कोणी ऐकिले नाही हे ठीक. परंतु आज खरे वाटत असता सांगितले तरी ऐकत नाहीत, आणि काही विपरीत जाहले तर आपण सांगितले होते हे सांगावयासही कोणी उरणार नाही. ऐसे पंत कपाळ धरोन बसले असता जाळीतोन पुन्हा आवाज आला, “आन करकंबची गाडी, बाबा?”

पंतांनी मान वर केली. त्यांचे नेत्री तेज आले. त्यांनी भोंग्याची कळ दाबली, आणि ज्या गोड आवाजाने आयुष्यभर खरे तेच सांगितले होते त्याच आवाजाने पुकारिले, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. करकंबकडे जाणारी जादा गाडी कार्यशाळेमागच्या पटांगणात लागत आहे.”

मग जे जाहले त्याचे वर्णन शेषासही करवणार नाही. जैसा बांध फुटावा तैसा फलाट फुटला. ज्यांस करकंबेस जाणे होते ते धावले, आणि ज्यांस नव्हते तेही धावले, कारण जादा गाडी ही चीजच ऐसी की आधी जागा धरावी आणि मग कोठे जाते ते पुसावे. नवरदेव मुंडावळ्या सांभाळीत धावला, रसवाला घागरमाळ सोडोन धावला, आणि महिपती, ज्यांचा कशावर विश्वास नाही, ते सर्वांपुढे होते. डोळ्याचे पाते लवते न लवते तो फलाट ओस. सरकारने इतुकी वर्षे दवंड्या पिटोन जे साधले नाही ते करकंबेच्या नावाने साधिले.

परंतु रयत मोठी सावध. भोंगा खोटा निघाल्यास परतोन बसावयास जागा असावी, म्हणोन जाताना ज्याने त्याने आपापल्या बाकड्यावर काहीबाही ठेविले होते. कोणी पिशवी, कोणी टोपी, कोणी जेवणाचा डबा, कोणी छत्री, आणि महिपतींनी डाळिंबाची पेटी. म्हणजे जेथे एक बेवारस वस्तू होती तेथे आता बेवारस वस्तूंची छावणी पडली. हे पाहोन पंतांनी डोळे मिटिले.

आणि खिडकीपाशी दगडाबाई पदर खोचोन धावू लागल्या तो पंतांनी त्यांस हळूच थांबविले, कारण बाईंचे गुडघे वाकलेले आणि पंतांचे अंतःकरण अद्याप सरकारी जाहले नव्हते. “आजी, तुम्ही धावू नका. गाडी नाही तिथं.”

बाईंनी पंतांकडे निरखोन पाहिले. “मग खोटं बोललास व्हय?”

“लोकांच्या भल्यासाठी बोललो.”

“बरं. मग खरी कवा लागणार ते तरी खरं सांग.”

इतक्यात पथक आले, जाड चिलखते, लांब काठ्या, फलाटाभोवती बांधावयास दोर, आणि अग्रभागी पिंकी नामे श्वान, तपकिरी रंगाची, मोठी नावलौकिकाची. पथकाच्या सरदारांनी पुसले की, संशयित वस्तू कोणती. हवालदारांनी फलाटाकडे पाहिले आणि हात एका टोकाकडोन दुसऱ्या टोकाकडे नेला. सरदार बोलले, “एवढ्या?” हवालदार बोलले की, मघाशी एकच होती.

मग पिंकीस सोडण्यात आले. पिंकीने टोप्या हुंगल्या, छत्र्या हुंगल्या, डाळिंबास शिंकली, आणि मग खताच्या पिशवीपुढे येवोन तिने पंजा ठेविला, आणि पिशवी चूं म्हणाली. पथक भुईसपाट जाहले. पिंकीचे कान मात्र उभे राहिले, शेपूट हलू लागली, आणि शिक्षण, शिस्त, सरकारी चाकरी हे सर्व विसरोन तिने सुतळी तोडिली, आत तोंड घातले, आणि एक इवला तांबडा बूट दाती धरोन फलाटभर चूं चूं करीत पळत सुटली.

तो आवाज खिडकीपर्यंत गेला आणि दगडाबाई गरजल्या, “आरं माज्या पणतवाचा बूट.” आणि गुडघे, पंत, हवालदार, दोर, सगळे ओलांडोन त्या फलाटी दाखल जाहल्या. सरदारांनी हात आडवा केला की, आजी, ही बेवारस पिशवी आहे. तेव्हा बाईंनी कमरेवर हात ठेविले आणि सर्वांनी ऐकावे ऐसे बोलल्या, “बेवारस म्हंतोस कुणाला? तीन ल्योक हाईत मला. थोरला गिरणीत हाय, मधला शेती बघतो, आन धाकटा लातूरला मास्तर हाय. बोलवू काय तिघास्नी?”

पंतांनी कोठडीतच कपाळ बडविले. मग सरदारांनी पिशवीस वारस असल्याचे तोंडी मान्य केले आणि श्वानाशी तहाची बोलणी लाविली. तह ऐसा की, पिंकीने बूट परत करावा आणि बाईंनी एक कडक भाकरी द्यावी. भाकरी कटकन मोडली, तो आवाज पिंकीस बुटाहून गोड लागला, आणि तह तडीस गेला. बाईंनी बूट पदरास पुसला आणि दाबोन पाहिला. वाजत होता.

धोका टळला, म्हणजे तो नव्हताच. परंतु खरा गनीम अद्याप पटांगणात होता, आणि तो आता परत येत होता. गाडी नाही हे रयतेस कळले होते. महिपती अग्रभागी, चेहरा लाल, मागे वऱ्हाड, आणि सर्वांनी येवोन चौकशीच्या खिडकीस वेढा दिला. महिपती हळू बोलले, “पंत, धोक्याचं तुमी रोज सांगता, त्ये आमी सोडून देतो. पर गाडीचं कवा खोटं सांगितलं न्हवतं तुमी.”

हा वार पंतांच्या वर्मी लागला. भोंग्यातील एवढा एकच शब्द लोक खरा मानीत होते, आणि आज पंतांनी तोच खर्ची घातला होता. उद्या गाडी पुकारिली तरी कोणी उठणार नाही, आणि परवा खरोखरीचा बॉम्ब पुकारिला तर महिपती त्यावर टोपी ठेवोन चहास जातील. पंत उठले, तडक मॅडमच्या दालनी गेले, आणि त्यांनी अर्ज केला की, करकंबेस जादा गाडी सोडावी.

मॅडमनी जाब दिला की, गाडी नाही, चालक नाही, मंजुरी नाही, आणि वर आपण आज सर्व सुरळीत असल्याचे कळविले आहे, सुरळीत असता जादा गाडी कशास लागावी. पंत बोलले, “मॅडम, लोकांना धोका खोटा वाटत होता, तेवढ्यावर आपलं चाललं. आता गाडीही खोटी वाटली तर मी तिथं बसून सांगू काय? तो भोंगा उतरवून भंगारात द्या, आणि मला तिकिटं फाडायला पाठवा.”

मॅडमनी खिडकीतोन वेढा पाहिला. कडीचा विषय काढणारा इसम त्यांस गर्दीत दिसला. मग त्यांनी दीर्घ श्वास घेवोन हुकूम केला की, कार्यशाळेत धुण्यास लाविलेली गाडी पुसोन काढावी. चालक शिवयोगी, अक्कलकोटाकडील, नुकतेच डबा उघडोन बसले होते. त्यांस करकंबेस जाणे आहे म्हणोन कळविता त्यांनी डब्याकडे पाहिले, मॅडमकडे पाहिले, डबा झाकिला आणि “आयतु”, म्हणजे कानडीत बरे, एवढेच म्हणाले. करकंबेची पाटी मिळेना, सबब “शालेय सहल” ही पाटी होती तीच राहिली.

मग पंत पुन्हा भोंग्यापाशी बसले. त्यांनी पुकारिले, “करकंबची जादा गाडी फलाटास लागत आहे. ती खरी आहे. आणि सर्वांनी आपापल्या पिशव्या, टोप्या, डबे आधी उचलून जवळ घ्यावेत. ज्या वस्तूपाशी धनी नसेल, मग त्यास कितीही ल्योक असोत, ती पथक घेऊन जाईल.”

सर्वांचे डोळे महिपतींकडे. महिपतींनी पंतांकडे पाहिले, फाटकातोन पाणी निथळत येणाऱ्या गाडीकडे पाहिले, मग ते चालत बाकड्यापाशी गेले, डाळिंबाची पेटी उचलली, खांद्यावर घेतली, आणि जाता जाता वाकोन बाकड्याखालीही पाहिले. कोणी हसले तेव्हा ते बोलले, “बगायला काय जातंय?” आणि मग एकामागोमाग एक, सबंध ठाणे वाकले. टोप्या उचलल्या गेल्या, छत्र्या उचलल्या गेल्या, नवरदेवाने आपली मामी शोधिली. पंतांनी भोंगा बंद केला आणि चष्मा पुसला.

दगडाबाईंस खिडकीची जागा देण्यात आली, ती कोणी धरिलेली नसता. गाडी सुटली. गाडीत शेजारणीने पुसले असता बाईंनी सांगितले की, ठाण्यात कोणा बिचारीची बेवारस पिशवी सापडली म्हणत होते, कोणाची ते काही कळले नाही. जावळ सुखरूप पार पडले, कातरी पणजीच्या देखत लागली, आणि बूट दोन्ही पायी वाजले.

येणेप्रमाणे सोलापूरच्या ठाण्यात भोंगा आणि रयत यांची लढाई होवोन भोंग्याचा एक शब्द खरा ठरला, आणि त्या बळावर दुसरा ऐकिला गेला, ही फत्ते नमूद केली असे. सरकारी नोंदीप्रमाणे घडले काहीच नाही, आणि जे घडले नाही त्यास सराव यशस्वी ऐसा शेरा मिळाला आहे.

सबब हुजुरांचे पायी ठाण्याच्या समस्त प्रवाशांची अर्जदास्त की, यापुढे ज्या ज्या दिवशी दहशतीचा इशारा निघेल त्या त्या दिवशी इशाऱ्यासोबत करकंबेस एक जादा गाडी, चालकासह, डबा खावोन जाहलेल्या, कायमस्वरूपी मंजूर व्हावी. धोका खरा असावा की खोटा, हे हुजुरांच्या मर्जीवर. गाडी मात्र खरी असावी, ही विनंती.